माळखडीत पहिला ट्रॅक्टर कुणी आणला?

"ब्राह्मी, लिहून ठेव! या दिवाळीला मी सांगलीला येतो तो परत न जाण्यासाठी!"

प्रा. अरिहंत बिरनाळे यांनी बायकोला फोनवर हे इतकं ठणकावून सांगितलं, की त्यांचा डबा घेऊन आलेल्या साळूबाई दारातच थबकल्या.

"मागच्या दिवाळीलाही लिहून ठेवलं होतं," ब्राह्मी पलीकडून शांतपणे म्हणाली. "त्याच्या मागच्या दिवाळीचंही आहे. वही संपत आली, अहो!"

तिचंही बरोबरच होतं. बिरनाळे सरांच्या शिक्षणसंस्थेची दोन कॉलेजं. एक सांगलीत, आणि दुसरं खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढं, माळखडीच्या उघड्या माळावर. सर सांगलीकडचे. आई सांगलीत, बायको सांगलीत, तिची शाळेतली नोकरी सांगलीत आणि सर तेवढे माळखडीत मराठी शिकवायला! शनिवारी दुपारी एसटी पकडायची, रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पहाटे परत निघायचं. असं चार वर्षं चाललेलं. नवरा-बायकोत चार वर्षांत जेवढी भांडणं व्हायला हवीत तेवढीही झाली नव्हती, कारण वेळच मिळायचा नाही.

यंदा मात्र सरांकडं हुकमी पान होतं. सप्टेंबरात विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "बिरनाळे, समितीला काहीतरी नवीन दाखवा. रांगोळी आणि लेझीम तिनं सगळीकडं बघितलंय. समिती खूश झाली, तर तुमच्या बदलीच्या अर्जावर मी त्याच संध्याकाळी सही करतो. हे बघा पेन!"

आणि सरांनी ते नवीन शोधून काढलं. विद्यार्थ्यांना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवायचं! जगातला सगळ्यात मोठा ज्ञानकोश, आणि त्यात माळखडीवर एक अक्षर नाही. आपल्या पोरांनी आपल्या गावावर लेख लिहायचा, समितीपुढं पडद्यावर दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि सामान बांधायचं. इतका सरळ बेत होता, की सरांनी सांगलीच्या घरात पुस्तकांचं कपाट कुठं ठेवायचं हेसुद्धा ठरवून टाकलं.

पहिल्या तासाला बत्तीस पोरं-पोरी जमली. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला.

"मनाचं एक अक्षर लिहायचं नाही. प्रत्येक वाक्यामागं छापील पुरावा पाहिजे. त्याला संदर्भ म्हणतात."

मागच्या बाकावरून विश्वजीत उठला. "सर, पण मला आज्ज्यानं सांगितलेलं असलं तर?"

"आजोबा छापील आहेत का?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. पण विश्वजीतचे आजोबा म्हणजे गावातले बडे बागायतदार तात्याबा. 'आजोबा छापील आहेत का' हे वाक्य दुपारच्या जेवणाआधी त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही.

सगळ्यात पुढं बसणारी शिवांजली मात्र भराभर लिहून घेत होती. ही पोरगी प्रत्येक गोष्ट विचारायची. छापील म्हणजे कुठं छापलेलं? कुणी? पान नंबर द्यायचा का? सरांना अशी विद्यार्थिनी चार वर्षांत एकच मिळाली होती, आणि तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला ते रात्री स्वतः अभ्यास करून यायचे.

मग सरांनी दुसरा नियम सांगितला. "हा ज्ञानकोश कुणाच्या बापाचा नाही. इथं कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं!" हे त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं. माणूस कधी कधी आपल्याच पायावर किती अभिमानानं धोंडा पाडून घेतो!

आठवड्याभरात लेख उभा राहिला. लोकसंख्या, पाऊस, शाळा, मंगळवारचा बाजार. शिवांजलीनं सगळ्याला जिल्ह्याच्या जाडजूड सरकारी पुस्तकांतले संदर्भ जोडले. आणि शेवटी, कुणाचं लक्ष नसताना, विश्वजीतनं एक ओळ घातली: 'माळखडी गावात पहिला ट्रॅक्टर १९७६ साली श्री. तात्याबा यांनी आणला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं लिहिलेलं होतं: 'माळखडी गावात पहिला ट्रॅक्टर १९७६ साली श्री. लालासाहेब यांनी आणला.' लालासाहेबांची नात पूजा त्याच वर्गात होती.

दहा वाजता तात्याबा. सव्वादहाला लालासाहेब. दोन दिवसांत ट्रॅक्टरनं सदतीस वेळा मालक बदलले!

तिसऱ्या दिवशी लालासाहेब स्वतः कॉलेजात हजर झाले. पांढरी टोपी, हातात काठी, मागं चार माणसं.

"आवं सर, त्ये तुमचं कॉम्पुटर खोटं बोलतंय!"

"बसा, बसा. काय झालं?"

"गावात पयला ट्रॅक्टर आमचा आला. त्या तात्याबाच्या आधी. वडूजवरनं निगाला आन् थेट आपल्या वड्यापत्तुर आला!"

"ओढ्यापर्यंत? आणि मग?"

लालासाहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मग दम घेतला."

"किती वेळ?"

"आठ दिस."

म्हणजे असं, की ट्रॅक्टर गावाबाहेरच्या ओढ्यात बंद पडला होता. मिस्त्री यायला आठ दिवस लागले. आणि त्याच आठ दिवसांत तात्याबांचा नवा कोरा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत त्याच ओढ्यातून, लालासाहेबांच्या तोंडावर चिखल उडवत, गावात शिरला. त्या दिवसापासून माळखडीत दोन पक्ष. लग्नं वेगळी, पंगती वेगळ्या, दुधाची डेअरीसुद्धा वेगळी.

"त्यो शिरला आधी, मान्य हाय," लालासाहेब म्हणाले. "पर आला आमचाच आधी! वडा आमच्या शिवंत हाय. तलाठ्याला इचारा!"

सरांना पुढचा तास होता. शिवाय असल्या भांडणात माणसानं पडू नये एवढं व्यवहारज्ञान त्यांच्याकडं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, "लालासाहेब, तुमचं खरं असेल. पण छापील पुरावा आणा, मी स्वतः घालतो."

"छापील म्हंजी कसं?"

"म्हणजे चार लोकांना वाचता येईल असं कुठंतरी छापून प्रसिद्ध झालेलं."

"एवढंच व्हय!" लालासाहेब खूश होऊन उठले. "मग आदी सांगायचं न्हाई का!"

दोन दिवसांनी सर सकाळी एसटी स्टँडवर पेपर घ्यायला गेले आणि जागीच उभे राहिले. स्टँडच्या छपरावर वीस फुटी फ्लेक्स! काळा गॉगल लावलेले लालासाहेब, मागं लाल ट्रॅक्टर, वर सोनेरी अक्षरं: 'माळखडीत सर्वप्रथम ट्रॅक्टर आणणारे आमचे दैवत!' खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो. आणि कोपऱ्यात, ठळक, चौकटीत: 'संदर्भ क्र. १'.

लेखात त्या फ्लेक्सचा फोटो संदर्भ म्हणून जोडलेलाही होता. संध्याकाळपर्यंत समोरच्या पतपेढीवर तात्याबांचा तीस फुटी फ्लेक्स चढला. त्यात तात्याबा ट्रॅक्टरवर बसलेले, दोन्ही हात जोडलेले आणि कोपऱ्यात 'संदर्भ क्र. २'.

इथवर थांबलं असतं तर सरांनी देवाचे आभार मानले असते. पण गावाला आता कळलं होतं, की फ्लेक्स लावला की माणूस जगाच्या ज्ञानकोशात जातो! मग मागं कोण राहणार? गावातला पहिला मोबाईल कुणाचा? पहिली चायनीजची गाडी कुणाची? पहिल्यांदा विमानात कोण बसलं? अर्जुना न्हाव्यानं तर दुकानावर लावलं, 'माळखडीतील पहिली फिरती खुर्ची, संदर्भ क्र. ११'. आणि एक दिवस डबा देता देता साळूबाई लाजत म्हणाल्या, "सर, गावात पयल्या कुकरची शिट्टी आमच्या घरात वाजली हुती. लोक घरातनं भायेर पळाली हुती. लेकानं लावलाय फलक, पर तुमी बघून घ्या, मातरा बरूबर हाईत का."

सरांनी बघितलं. मात्रा बरोबर होत्या. त्या दिवशीच्या भाजीत साळूबाईंनी खास सरांसाठी, कांदा-लसूण न घालता, खोबरं जास्त घातलं होतं. असल्या भाजीपुढं नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. कुकर लेखात गेला.

ओळी रोज पुसल्या जात, रोज घातल्या जात. शेवटी गावचे सरपंच भाऊसो मैदानात उतरले. भाऊसो पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गावात निवृत्त फौजी तेवीस, आणि तेवीसही जण सकाळी पारावर बसून काय करावं या चिंतेत.

"सर, तुमी टेन्शन घेऊ नका," भाऊसो मिशीवर हात फिरवत म्हणाले. "लेखावर गार्ड लावलाय. दोन दोन तासाची ड्यूटी. मोबाईल हातात, नजर लेखावर. हे बगा रजिस्टर!"

सरांनी रजिस्टर उघडलं. 'आठ ते दहा: लेख सुखरूप. दहा ते बारा: दुश्मनाची हालचाल. एक स्वल्पविराम काढला गेला. तात्काळ परत लावला. बारा ते दोन: जेवणामुळे पाच मिनिटं नजर हटली, तेवढ्यात ट्रॅक्टर लालासाहेबांच्या ताब्यात. प्रतिहल्ला सुरू.'

आता एवढा धुरळा उडाल्यावर तो ज्ञानकोश सांभाळणाऱ्यांच्या नजरेला पडणारच. दूर कुठंतरी बसलेल्या एका प्रचालकानं, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्या जुन्या सदस्यानं, लेखाच्या डोक्यावर पाटी लावली. सरांनी ती वर्गात मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला.

'एसटी स्टँडवरील फ्लेक्स हा विश्वासार्ह संदर्भ नाही. केशकर्तनालयाची खुर्ची उल्लेखनीय नाही. वादग्रस्त मजकुरावर संबंधितांनी चर्चा करून सहमती घडवावी व मुद्रित संदर्भ द्यावा. अन्यथा रविवारी हा लेख वगळण्यात येईल.'

रविवारी! आणि समिती सोमवारी!

सर तसेच पळत भाऊसोंकडं गेले. दम लागलेला, चष्मा नाकावर घसरलेला. "भाऊसो, लेख गेला तर माझी बदली गेली! चार वर्षं झाली. माझी बायको मला रविवारचा पाहुणा समजायला लागलीय. काहीही करा, पण दोघांना एका जागी बसवा आणि मिटवा!"

हे सर अगदी मनापासून बोलत होते. गेल्या शनिवारी ब्राह्मीनं त्यांना चहा नव्या कपात दिला होता. घरात नवे कप कधी आले हेच त्यांना माहीत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून ते रात्रभर जागे होते.

भाऊसोंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, सहमती म्हंजी काय?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमतानं ठरवणं."

"मग त्यात काय! ह्या गावात तीन वेळा इलेक्शन बिनविरोध झालंय. ट्रॅक्टर काय चीज हाय! तुमी जावा सांगलीला खुशाल. शनिवारी मीटिंग लावतो."

सर शनिवारी सांगलीला गेले खरे, पण सारखे फोनकडं बघत होते. रविवारी सकाळी दहाला फोन वाजला.

"सर, मिटलं! बिनविरोध!"

"काय सांगता! आणि मुद्रित संदर्भ?"

"छापलाय! शाळेला साठ वर्षं झाली तवाची स्मरणिका वडूजच्या छापखान्यात वर्षभर पडून हुती. त्यात एक पान घातलं, रातोरात छापून आणली. शिवांजलीनं पान नंबरासकट लेखात लावलं. त्यो तुमचा प्रचालक बी गप्प झाला. पाटी काढली त्यानं!"

सर फोन हातात घेऊन खोलीतल्या खोलीत नाचले. काय ठरलं, कुणाचं नाव लागलं, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी पेढे आणले. ब्राह्मीनं वहीत आजची तारीख घालून 'बहुतेक खरं दिसतंय' असं लिहिलं. सरांच्या आईनं, जिला घरात सगळे अव्वा म्हणत, देवापुढं श्रीफळ ठेवलं.

सोमवारी सकाळी सर माळखडीच्या स्टँडवर उतरले. सगळे फ्लेक्स गायब! लालासाहेब नाहीत, तात्याबा नाहीत, फिरती खुर्ची नाही. सर समाधानानं वळले आणि कॉलेजच्या फाटकावर त्यांची नजर गेली. तिथं एकच नवा फ्लेक्स होता.

फ्लेक्सवर लाल ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवर सरांचे आजोबा बसले होते.

हो, आजोबाच! कै. रामगोंडा बिरनाळे. तीच पगडी, त्याच मिश्या. पुण्यतिथीला सरांनी मोबाईलवर स्टेटस ठेवलं होतं, त्यातला फोटो. डोकं आजोबांचं, खालचं धड कुणा तरी पैलवानाचं. वर लिहिलेलं: 'माळखडीचे थोर सुपुत्र, पहिल्या ट्रॅक्टरचे जनक!'

"भाऊसो!" सर किंचाळले. "हे काय आहे?"

भाऊसो इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर पदकं लावून, समितीच्या स्वागताला उभेच होते. "सहमती, सर! तात्याबा म्हनले, लालासाहेबाचं नाव लागलं तर मी जत्रंच्या पालखीला खांदा देणार न्हाई. लालासाहेब म्हनले, तात्याबाचं लागलं तर मी पालखीच निघू देणार न्हाई. मग आमी आमची जुनी रीत काढली. गावातल्या दोघांत मान मिटंना, की त्यो पाव्हण्याला द्यायचा. कुस्तीच्या मैदानाचा नारळ आमी तसाच फोडतो. आन् गावात पाव्हणं कोण? तुमी!"

"अहो, पण शहात्तर साली माझा जन्मही झाला नव्हता!"

"म्हणून तर आज्ज्याचं नाव घातलं. आमी काय अडाणी हाय व्हय?"

"पण माझे आजोबा आयुष्यात या भागात आले नाहीत! त्यांना सायकलची भीती वाटायची, भाऊसो! सायकलची!"

"त्ये आता कशाला काढता? तर मीटिंगीत अर्जुना उठला. म्हनला, भायेरच्या माणसानं आणलेला ट्रॅक्टर गावाचा पयला कसा धरायचा? मुद्दा बरूबर हुता. मग आमी ठराव केला, की बिरनाळे घराणं मूळचं माळखडीचंच. मधी दोन-तीन पिढ्या सांगलीकडं ऱ्हायला हुती, एवढंच. हात वर, एकमतानं मंजूर. तात्याबा आन् लालासाहेब गळ्यात गळा घालून रडलं, सर! एवढ्या वर्षांनी!"

सर तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकातून समितीची गाडी आत आली.

सभागृह खचाखच भरलेलं. पहिल्या रांगेत, एकाच बाकावर, तात्याबा आणि लालासाहेब! दोघांच्या मध्ये एकच पानाचा डबा. पडद्यावर लेख झळकला आणि शिवांजली उभी राहिली. तिनं प्रत्येक वाक्य वाचलं, प्रत्येक वाक्याचा संदर्भ सांगितला, पुस्तकाचं नाव, वर्ष, पान. ट्रॅक्टरच्या ओळीला ती किंचित थांबली.

"'माळखडी गावात पहिला ट्रॅक्टर १९७६ साली, मूळचे माळखडीचेच असलेले कै. रामगोंडा बिरनाळे यांनी आणला.' संदर्भ, शाळेची स्मरणिका, पान चौदा."

समितीच्या अध्यक्षा मॅडम चष्मा सावरून पुढं झुकल्या. "बिरनाळे? सर, हे तुमचे कुणी?"

सरांनी समोर बघितलं. तात्याबा हात जोडून बघत होते. लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. प्राचार्यांच्या खिशात पेन होतं, आणि त्या पेनाच्या टोकाला सांगली होती!

"आजोबा," ते म्हणाले.

यात खोटं काय होतं? रामगोंडा बिरनाळे हे त्यांचे आजोबाच होते. सरांनी फक्त पुढचं वाक्य उच्चारलं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सभागृहानं वाजवल्या, सगळ्यात जोरात तात्याबा आणि लालासाहेबांनी वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "स्थानिक मातीत रुजलेला शिक्षक काय करू शकतो, याचा हा आदर्श आहे. हे मी अहवालात लिहिणार!" प्राचार्यांनी त्याच संध्याकाळी, शब्दाला जागून, अर्जावर सही करून तो संस्थेकडं धाडला. सरांनी खोलीतली चादर, तांब्या आणि गाइडं बांधूनसुद्धा ठेवली.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना संस्थेचं पत्र आलं. सरांनी ते उभ्या उभ्या फोडलं, मग खाली बसून वाचलं, मग ब्राह्मीला फोन लावून वाचून दाखवलं.

'आपण बदलीच्या अर्जात मूळ गावाजवळ नेमणूक मिळावी, असे कारण नमूद केले आहे. तथापि विद्यापीठ समितीच्या अहवालानुसार, तसेच सोबत जोडलेल्या ज्ञानकोशातील ससंदर्भ लेखानुसार, आपले मूळ गाव माळखडी असून आपण गेली चार वर्षे तेथेच कार्यरत आहात. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. स्वगावी सेवेची संधी मिळाल्याबद्दल आपले अभिनंदन.'

ब्राह्मीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ब्राह्मी म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी अव्वांबरोबर राहतेय, ते माझं सासरच नव्हे म्हणायचं!"

"अगं, थट्टा काय करतेस!"

"थट्टा नाही. रडू येतंय, म्हणून बोलतेय. तुम्ही त्या मॅडमना सांगितलं का नाही, की आजोबांनी कधी ट्रॅक्टर बघितलासुद्धा नाही म्हणून?"

"तुझ्यासाठीच नाही सांगितलं," सर म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

"मग आता माझ्यासाठीच ते दुरुस्त करा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सरांनी तिथल्या तिथं मोबाईलवर लेख उघडला. दुरुस्त करायला किती वेळ लागतोय! 'मूळचे माळखडीचेच असलेले' हे शब्द पुसले. आजोबांना ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं. जतन करा हे बटण दाबलं आणि मोकळा श्वास घेतला. दोन मिनिटांत ओळ परत जशीच्या तशी! सरांनी पुन्हा पुसली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्यांच्या नावानं एक निरोपही आला.

'नमस्कार. ज्ञानकोशात आपले स्वागत आहे. आपण संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढल्याने बदल उलटवला आहे. स्वतःच्या घराण्याविषयी लिहिणे टाळावे. लोभ असावा. शिवांजली.'

सर ताडताड वर्गात गेले. शिवांजली पहिल्या बाकावर मोबाईल घेऊन बसलीच होती.

"अगं शिवांजली, ते खोटं आहे! मी सांगलीकडचा आहे!"

"मला म्हाईत हाय, सर," ती नम्रपणे उभी राहिली. "पर संदर्भ?"

"मी स्वतः सांगतोय की!"

"तुमी म्हंजी संबंधित व्यक्ती, सर. तुमचं कसं धरायचं?"

"माझ्या आईला विचार! फोन लावून देतो!"

शिवांजलीनं क्षणभर विचार केला. तिचा चेहरा खरोखर कळवळला होता. सरांसाठी तिनं काहीही केलं असतं, पण हे नाही.

"सर, तुमच्या आईचं म्हणणं कुठं छापून आलंय का?"

चार वर्षांत, चार वर्षंच कशाला, सबंध नोकरीत, आपण शिकवलेलं एखाद्याच्या इतकं हाडीमाशी खिळलेलं सरांनी बघितलं नव्हतं. राग येत होता, रडू येत होतं, आणि या सगळ्याच्या खाली कुठंतरी, सांगायलाही लाज वाटेल असा, अभिमान वाटत होता. ते मुकाट्यानं टेबलाशी बसले, गुणांची वही काढली आणि शिवांजलीच्या नावापुढं दहापैकी दहा लिहिले.

अर्धा गुण तरी कापावा असं त्यांना फार फार वाटलं. पण वहीत कारणाचा रकाना होता, आणि त्यात घालायला काही सापडेना.